शिकण्याआधीचे शिकणे
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



गेल्या महिन्यात चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात, तर तिकडचे काहीतरी सांगा." मी म्हटले, मी पाहिलेली अमेरिका म्हणजे एक स्वयंपाकघर, एक तान्हे बाळ आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेली पुस्तके. उंच इमारती मी पाहिल्या नाहीत आणि तो मोठा धबधबाही पाहिला नाही. त्या म्हणाल्या, "मग त्या पुस्तकांचेच सांगा." म्हणून आज माझ्यासारखी सातवी पास बाई अमेरिकेतील विद्यापीठाच्या प्रवेशाबद्दल बोलायला उभी राहिली आहे. निदान पहिली दहा मिनिटे तरी कोणी हसू नका.

आधी माणसे सांगते, म्हणजे घोटाळा होणार नाही. मी जिच्याकडे गेले होते ती माझी धाकटी नणंद. रीतीप्रमाणे 'वन्सं' म्हणायचे, पण 1997 साली मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती चौथीत होती आणि तिच्या वेण्या घालण्याचे काम पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे आले. तेव्हापासून ती मला 'वहिनी' म्हणते आणि मी तिला 'अगं' म्हणते. शिवाजी विद्यापीठातून ती बी.कॉम. झाली आणि 2011 साली एम.कॉम. झाली. 2013 साली लग्न होऊन अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅरी नावाच्या गावी गेली. नवऱ्याच्या नोकरीच्या आधारावर बायकोला जो व्हिसा मिळतो त्यावर शिकता येते, पण नोकरी करता येत नाही. नवऱ्याचे ग्रीन कार्डाचे काम एका टप्प्यापर्यंत गेले असेल तर 2015 पासून काही जणींना कामाची परवानगी मिळू लागली आहे. हिच्या वाट्याला ती पहिली पाच वर्षे आली नव्हती. खतावणीत एक पैशाची चूक न करणारी पोरगी पाच वर्षे फक्त वाण्याचा हिशेब लिहीत बसली होती.

आता बोलण्याच्या विद्येकडे ती कशी वळली, हे सांगायचे तर आमच्या सासूबाईंचे सांगायला हवे. आपल्यापैकी अनेकींनी त्यांना पाहिले आहे. 2011 साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेले. वाचा गेली म्हणजे अगदी मुक्या झाल्या असे नव्हे. एक शब्द उरला होता, 'बाई'. पाणी हवे, 'बाई'. उशी नको, 'बाई'. कोण आले आहे, तेही 'बाई'. ज्या इस्पितळात त्यांना ठेवले होते तिथे हातापायाच्या व्यायामासाठी माणूस येत असे. बोलण्याचेही व्यायाम असतात, त्याचीही शिकलेली माणसे असतात, हे आम्हाला तिथे कोणी सांगितले नाही. भेटायला येणारे उशाशी उभे राहून म्हणत, "डोके गेले बिचारीचे." सासूबाई ते ऐकत आणि भिंतीकडे तोंड करीत. 2014 साली त्या गेल्या. त्या तीन वर्षांपैकी पहिली दोन वर्षे नणंद घरी होती. तो एक शब्द तिच्या कानात बसला तो बसलाच.

पुढे अमेरिकेत तिच्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना तसाच झटका आला आणि आठ-दहा दिवसांत त्यांच्याकडे एक बाई चित्रांची पुस्तके घेऊन येऊ लागली. ती स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट होती. आपण मराठीत वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणू. नणंदेने मला फोन केला. म्हणाली, "वहिनी, असे माणूस असते. आपल्या आईसाठी असे माणूस असायला हवे होते." मग बराच वेळ काही बोललीच नाही. शेवटी म्हणाली, "मी हे शिकणार."

शिकणार म्हणणे सोपे. आपल्याकडे ही विद्या शिकायची तर बारावी शास्त्र शाखेतून व्हावे लागते. मग बी.ए.एस.एल.पी. नावाची पदवी घ्यायची, तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष प्रत्यक्ष काम. मैसूरला या विषयाची अखिल भारतीय संस्था 1965 पासून आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था 1983 पासून आहे. पुण्यातही शिक्षणाची सोय आहे. पण जी मुलगी कॉमर्सला गेली तिला बारावीच्या वळणावर परत जाऊन उभे राहता येत नाही. अमेरिकेत या व्यवसायाला एम.ए. किंवा एम.एस. लागते, आणि ज्याची पहिली पदवी दुसऱ्याच विषयातली आहे त्यालाही तिथे वाट आहे. मात्र त्याने आधी पाया भरायचा. पदवीच्या वर्गातले जे मूळ विषय त्याचे राहून गेले ते एकेक करून, गुण मिळवून पूर्ण करायचे आणि मग प्रवेशासाठी अर्ज करायचा. या विषयांना तिकडे 'प्रीरिक्विझिट' म्हणतात. आपण म्हणू, शिकण्याआधीचे शिकणे.

हे ऐकल्यावर आमच्या घरी पुरुषमंडळींत चर्चा झालीच. एम.कॉम. झालेल्या मुलीने पुन्हा पदवीच्या वर्गात बसायचे? तेही तिशीला? तेही पैसे भरून? एका विषयाची फी त्यांच्या एका महिन्याच्या घरभाड्याएवढी होती. माझे मत कोणी विचारले नाही, म्हणून मी ते स्वयंपाकघरातून सांगितले. ज्या घरात मुलाच्या दुकानासाठी दोनदा कर्ज काढले गेले त्या घराने मुलीच्या पुस्तकांचा हिशेब मांडू नये, असे ते मत होते. फी तिचा नवरा भरणार होता, आपल्याला फक्त गप्प बसायचे होते, आणि तेच आपल्या मंडळींना जड जात होते.

आता विषय कोणते, ते सांगते. यादी ऐकून मलाही पहिल्यांदा घेरी आली होती. बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या अवयवांची रचना. उच्चारशास्त्र. मूल भाषा कसे शिकते तो विषय. ध्वनीचे शास्त्र. कान आणि श्रवण तपासणी. मेंदू आणि मज्जातंतू. वाणीच्या विकारांची तोंडओळख. हे झाले या विद्येचे स्वतःचे विषय. याशिवाय अमेरिकेत या व्यवसायाची 1925 साली स्थापन झालेली एक मोठी संस्था आहे, तिला 'आशा' म्हणतात. नाव मराठी वाटते, पण ती इंग्रजी आद्याक्षरे आहेत. त्या संस्थेचे प्रमाणपत्र हवे असेल तर जीवशास्त्र, संख्याशास्त्र, पदार्थविज्ञान किंवा रसायन यांपैकी एक, आणि समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र यांसारखा एक विषय, एवढे केलेले असावे लागते. पदार्थविज्ञान कशाला, असे मी विचारले. नणंद म्हणाली, आवाज म्हणजे हवेची थरथर, ती मोजायची तर पदार्थविज्ञानच लागते. बाईच्या गळ्यातील स्वरतंतू साधे बोलताना सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा एकमेकांवर आपटतात, पुरुषाचे त्याच्या साधारण निम्म्याने. त्यामुळेच आपला आवाज बारीक. हे कळल्यावर मी पदार्थविज्ञानाविषयीची तक्रार मागे घेतली. संख्याशास्त्राची मात्र घेतली नाही. तिने बी.कॉम.ला संख्याशास्त्राचा पूर्ण पेपर दिलेला होता. काही विद्यापीठांनी तो चालेल म्हटले आणि काहींनी पुन्हा करा म्हटले, म्हणून तिने तो कम्युनिटी कॉलेजात पुन्हा केला आणि पुन्हा पैकीच्या पैकी गुण मिळवले. याला मी तरी शिक्षण म्हणत नाही, वसुली म्हणते.

आणखी एक अडचण ऐकून ठेवा, आपल्या मुलींच्या उपयोगाची आहे. तिकडची पदवी चार वर्षांची असते आणि आपले बी.कॉम., बी.ए. आतापर्यंत बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचे होते. काही विद्यापीठे ते आपल्या पदवीच्या तोडीचे धरतात, काही धरत नाहीत. त्यासाठी गुणपत्रके एका ठरावीक संस्थेकडे तपासायला पाठवावी लागतात. नणंदेचे एम.कॉम. तिथे कामी आले. ती गुणपत्रके कोल्हापुरातून पाकीटबंद करून पाठवायला माझा मोठा मुलगा तीन वेळा गेला.

2018 च्या ऑगस्टमध्ये तिने सुरुवात केली. वर्गात जायचे नव्हते. घरबसल्या संगणकावर शिकवणारी विद्यापीठे आहेत. युटा राज्यातील युटा स्टेट युनिव्हर्सिटी आहे, व्हर्जिनियातील लाँगवुड आहे, आणखीही आहेत. आणि त्याच सुमारास तिला दिवस राहिले. सासूबाई नाहीत, तिच्या सासूबाईंना गुडघ्यांनी बसवलेले. म्हणून 2019 च्या फेब्रुवारीत बाळंतपणासाठी मी गेले ती जुलैपर्यंत राहिले. डिंकाचे लाडू करून नेले होते. ते विमानतळावर उघडून पाहिले त्यांनी, पण ठेवून दिले.

मी गेले तेव्हा तिचे उच्चारशास्त्र आणि मेंदूशास्त्र चालू होते. रोज दुपारी जेवणे आटोपली की ती पुस्तके मांडी आणि मी समोर बसून भाजी निवडी. उच्चारशास्त्रात एक लिपी शिकावी लागते. जगातल्या कुठल्याही भाषेतला उच्चार जसा कानावर पडेल तसा त्या लिपीत लिहिता येतो. इंग्रजीत लिहितात एक आणि वाचतात एक, म्हणून तिकडच्या मुलांना ही लिपी फार जड जाते. एके दिवशी तिने त्या लिपीतील व्यंजनांचा तक्ता माझ्यासमोर ठेवला. डावीकडे ओठांनी म्हणायची अक्षरे, मग दातांची, मग टाळूची, आणि अगदी उजवीकडे घशातली. मी म्हटले, अगं, ही तर आपली बाराखडी उलटी टांगलेली आहे! आपण घशापासून निघतो आणि ओठांशी येतो. क-ख-ग कंठ्य, च-छ-ज तालव्य, ट-ठ-ड मूर्धन्य, त-थ-द दंत्य, प-फ-ब ओष्ठ्य. सहावीत आमच्या गुरुजींनी हे छडीच्या तालावर पाठ करून घेतले होते. कशासाठी ते सांगितले नव्हते. ते मला त्या दिवशी समजले. नणंदेला तो तक्ता पाठ करायला पंधरा दिवस दिले होते. आम्ही दोघींनी तो एका दुपारी केला.

एक गंमत आपणही घरी करून पाहा. तोंडासमोर पातळ कागदाचा कपटा धरून इंग्रजी 'पिन' म्हणा, खरे इंग्रज माणूस म्हणेल तसे. कागद हलतो. मग 'स्पिन' म्हणा. कागद हलत नाही. म्हणजे इंग्रजीत दोन वेगळे 'प' आहेत, पण ते बोलणाऱ्यांनाच ते ठाऊक नसते, कारण त्या फरकाने त्यांच्या शब्दाचा अर्थ कधी बदलत नाही. आपल्याला तो फरक लगेच ऐकू येतो, कारण 'पळ' आणि ओठ मिटून म्हटलेले 'फळ' यांत आपला जन्म गेला आहे. हिच्या वर्गातल्या गोऱ्या मुली त्या धड्याला अडखळल्या आणि ही सरळ पार झाली. उलट 'व' ला ही अडली. इंग्रजीत ओल्याला म्हणतात 'वेट' आणि जनावरांच्या डॉक्टरलाही म्हणतात 'वेट'. आपल्या कानाला दोन्ही एकच. त्यांच्या लेखी एकात ओठ गोल करायचे आणि दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. महिनाभर ती भांडी घासताना वेट-वेट करीत असे. आठवा महिना सरलेली बाई आरशासमोर ओठ गोल करते आहे हे पाहून तिचा नवरा एकदा घाबरून मला विचारायला आला होता.

परक्या भाषेतले दहा शब्द ऐकून त्या लिपीत उतरवायचे, असा एक गृहपाठ होता. तिने माझा आवाज भरून घेतला. मी मुद्दाम 'हे जग' आणि 'तू जग' असे दोन शब्द दिले. लिहायला एकच, पण पहिल्यातला 'ज' जीभ टाळूला लावून म्हणतो आणि दुसऱ्यातला दातांशी नेऊन. तसेच 'चार' आणि 'चारा'. पन्नास वर्षे बोलणाऱ्या माणसालाही विचारले तर तो म्हणेल, दोन्ही एकच. सातवी शिकलेल्या बाईचे शब्द विद्यापीठाच्या गृहपाठात गेले, याची मला थोडी मिजास चढली होती, ती आज इथे उतरवून ठेवते.

तिच्या मनात मात्र एक धास्ती होती. "वहिनी, माझे इंग्रजी असे मराठी वळणाचे. मी अमेरिकन मुलांना बोलायला काय शिकवणार?" याचे उत्तर तिला पुस्तकातच मिळाले. बोलण्याची ढब हा आजार नाही, असे त्या 'आशा' संस्थेचे धोरण आहे. ज्याची ढब वेगळी आहे त्यानेही हे काम करावे. मुलाला जो उच्चार शिकवायचा तो त्याला दाखवता आला, ऐकून तपासता आला, म्हणजे झाले.

मार्चच्या मध्याला बाळ झाले. मुलगी. बाराव्या दिवशी नाव ठेवले आणि सोळाव्या दिवशी हिची मेंदूशास्त्राची चाचणी होती. मी बाळाला मांडीवर घेऊन पुस्तक धरून बसे आणि ती बाजेवर पडून उत्तरे देई. मला इंग्रजी अक्षर लागते, अर्थ लागत नाही. अक्षर लागले तेवढे पुरे, चुकली की बरोबर, हे पाहता येत होते.

त्या पुस्तकात ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरांचा धडा आला. 1861 साली पॅरिसच्या इस्पितळात त्यांच्याकडे एक रोगी आला. त्याला एकच शब्द म्हणता येत असे, 'ताँ'. काही विचारा, 'ताँ ताँ'. लोकांनी त्याचे नावच ते पाडले होते. पण त्याला बोललेले बरेचसे समजत होते. तो वारल्यावर डॉक्टरांनी मेंदू पाहिला तेव्हा डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात, एक जागा नासलेली आढळली. बोलणे घडवण्याचे काम तिथे चालते. त्या जागेला आज त्या डॉक्टरांचेच नाव आहे. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूला चालवते, म्हणून अशा रोग्यांचा बहुधा उजवा हात-पायही जातो.

नणंद वाचता वाचता थांबली. मीही काही बोलले नाही. बाळ झोपले होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "वहिनी, आईला सगळे समजत होते का गं?"

मी तिला सांगितले ते आपल्यालाही सांगते. सासूबाईंचा 'बाई' एकच नव्हता. पाणी हवे असले की तो शेवटी वर चढे. नको असले की आखूड तुटे. भेटायला येणाऱ्यांचे 'डोके गेले' ऐकले की लांब, खाली उतरणारा 'बाई' येई. तो मी तीन वर्षे ऐकला आहे. मला नऊ-दहा प्रकार तरी ओळखता येत होते आणि चहात साखर कमी पडली आहे हेसुद्धा त्या मला त्या एका शब्दात सांगत. डोके गेलेल्या बाईला साखर कशाला कळेल? आणि संध्याकाळी आरती सुरू झाली की जिला 'पाणी' म्हणता येत नव्हते ती बाई आमच्याबरोबर आरतीचे शब्द म्हणे, सगळे नाही, पण निम्मे तरी. नणंदेने लगेच पुढची पाने उलटली. त्यात तेही होते. पाठ झालेले आणि गाण्यातले शब्द अशा रोग्यांत पुष्कळदा टिकून राहतात. बोस्टनमध्ये 1970 नंतरच्या काही वर्षांत गाण्याच्या चालीवरून बोलणे परत आणण्याची एक उपचारपद्धतीही बसवली गेली. म्हणजे आमच्या देवघरात रोज संध्याकाळी जे आपोआप घडत होते त्याला तिकडे नाव होते, पुस्तक होते, शिकवणारे माणूस होते.

त्या चाचणीत तिला चांगले गुण मिळाले. तिने ते मला दाखवले नाहीत, मी विचारले तेव्हा सांगितले.

गिळण्याचेही तसेच. सासूबाईंना पाणी पाजले की ठसका लागे आणि घट्ट पेज मात्र उतरे, हे मी माझ्या चमच्यावरून ओळखले होते. अन्ननलिका मागे आणि श्वासनलिका पुढे, मधला दरवाजा वेळेवर मिटला नाही तर पातळ पदार्थ घाईने भलत्या वाटेला जातो, हे तिच्या शरीररचनेच्या पुस्तकात आकृतीसह होते. तिकडे गिळण्याचा त्रास पाहणे हेही याच तज्ज्ञांचे काम आहे. मात्र हे ऐकून कोणी घरच्या घरी औषधपाणी ठरवू नये. कोणाला काय मानवेल ते तपासून ठरवावे लागते, आणि ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी डॉक्टरांकडे वाचा-उपचाराची विचारणा जरूर करावी. पुण्या-मुंबईत ही माणसे आहेत. आपण विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही, हा माझा अनुभव आहे.

उन्हाळ्याच्या सत्रात मूल भाषा कसे शिकते तो विषय होता. तो तिला सोपा गेला, कारण विषय मांडीवरच होता. दोन महिन्यांचे बाळ 'ऊ-ऊ' करते, सहा-सात महिन्यांत 'बा-बा-बा' अशी साखळी सुरू होते, वर्षाच्या सुमारास पहिला शब्द, दोन वर्षांच्या आतबाहेर दोन शब्द जोडून. हे आपण आया-आज्यांना ठाऊकच असते. पण दोन वर्षांचे मूल शब्द जोडत नसेल तर 'बापही उशिरा बोलला होता' म्हणून सोडून देऊ नये, आधी कान तपासून घ्यावेत, हे मला नवीन होते.

याशिवाय पंचवीस तास प्रत्यक्ष उपचार पाहण्याचे असतात. जिला तो अधिकार आहे अशा तज्ज्ञाच्या देखरेखीखाली बसायचे, नोंद ठेवायची आणि सही घ्यायची. ते तास तिने बाळंतपणाआधी निम्मे आणि नंतर निम्मे केले. मला आत सोडत नसत आणि ते योग्यच आहे. नावगाव न सांगता तिने एक गोष्ट सांगितली. चार वर्षांचा मुलगा 'क' च्या जागी 'त' म्हणे. आपल्याकडेही मुले 'काकी'ला 'ताती' म्हणतात. तिथल्या बाईंनी त्याला उताणे झोपवले, खेळता खेळता गुळण्या करायला लावल्या आणि जीभ मागे जाते कशी ते त्याचे त्याला कळू दिले. तासभर पाहणाऱ्याला वाटेल, खेळच चालला आहे. पण जिभेचा कुठला भाग कुठे टेकायला हवा, ते त्या बाईंना ठाऊक होते, म्हणून तो खेळ होता. नाहीतर नुसत्या गुळण्या झाल्या असत्या. त्या दिवशी नणंदेला कळले की ते कंटाळवाणे तक्ते कशासाठी पाठ करायचे असतात.

मी परत आले. तिचे विषय 2020 च्या उन्हाळ्यात संपले. पण त्याआधीच, सत्र संपण्याची वाट न पाहता, तिने पहिला अर्ज केला होता. अर्ज एकाच ठिकाणी भरून अनेक विद्यापीठांना जातो. त्यासोबत तीन जणांची शिफारसपत्रे लागतात. घरबसल्या शिकणाऱ्या विद्यार्थिनीचे तोंड ज्यांनी पाहिले नाही ते प्राध्यापक शिफारस काय करणार? म्हणून ती दर आठवड्याला प्राध्यापकांच्या ठरलेल्या भेटीच्या वेळेत संगणकापुढे हजर होई, कधी बाळाला पाजत, पण हजर होई आणि निदान एक प्रश्न विचारीच. जागा थोड्या आणि अर्ज फार, अशी तिकडे स्थिती आहे. पहिल्या वर्षी पाच ठिकाणी अर्ज केले. चारांनी नकार दिला आणि एकाने प्रतीक्षायादीत ठेवून शेवटी नाही म्हटले. त्या रात्रीचा फोन मला आठवतो. "वहिनी, मी एम.कॉम. होते तीच बरी होते." मी तिला काही समजावले नाही. म्हटले, बाळाला फोनवर दे. बाळ तेव्हा 'बा-बा-बा' च्या पुढे गेले होते.

दुसऱ्या वर्षी सात अर्ज केले, दोन होकार आले. 2021 च्या ऑगस्टमध्ये ती एम.एस.च्या वर्गात बसली, चौथीतल्या मुलीसारखी नवे दप्तर घेऊन. त्या दोन वर्षांत रोग्यांबरोबर प्रत्यक्ष कामाचे तीनशे पंचाहत्तर तास, ते आधीचे पंचवीस धरून चारशे. मग राष्ट्रीय परीक्षा, मग छत्तीस आठवडे अनुभवी तज्ज्ञाच्या हाताखाली पूर्णवेळ काम, मग प्रमाणपत्र आणि राज्याचा परवाना. 2024 साली हे सगळे पार पडले. सध्या ती एका शाळेत लहान मुलांना शिकवते आणि आठवड्यातून एक दिवस म्हाताऱ्या रोग्यांकडे जाते. म्हाताऱ्यांकडे जाण्याचे पैसे कमी मिळतात. का जातेस, असे तिला आमच्या घरी कोणी विचारले नाही.

आता कामाचे. हे सगळे विषय, कुठल्या विद्यापीठाला कोणते लागतात, किती जुने चालतात, कुठे किती गुणांची अट आहे, हे तिने एका लांब वहीत लिहून ठेवले होते, वाण्याच्या खात्यासारखे रकाने आखून. कुठल्याही दोन विद्यापीठांची यादी तंतोतंत जुळत नाही, म्हणून ती वही. तिची झेरॉक्स माझ्याकडे आहे. तीत तिने 2019 आणि 2020 ची माहिती लिहिलेली आहे. अटी बदलत असतात, तेव्हा ज्या मुलीला उपयोग करायचा असेल तिने प्रत्येक विद्यापीठाकडून ताजी यादी मागवावी आणि मग रकाने भरावेत. कोपऱ्यावरच्या घरातील वहिनींच्या सुनेने परवा विचारले होते, आणखी दोघी-तिघींनी मघाशी खूण केली. मी दुपारी चार ते सहा घरी असते. गुरुवारी नसते, गुरुवारी भजन आहे. वही घरीच बसून उतरवून घ्यावी, बाहेर देणार नाही. संख्याशास्त्राच्या रकान्यापुढे तिने लाल शाईने काहीतरी लिहिले आहे, ते मात्र उतरवू नये.